कार्बोरेटरात कचरा

मशीन कुठलंही असो, रोग कुठलाही असो, मालवणच्या किनाऱ्यावर निदान ठरलेलं: "कार्बोरेटरात कचरो इलो असतलो." हे सांगणाऱ्याकडे स्वतःची सायकलही नसते. पंचाईत अशी, की बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं.

चुलतभावाची आणि माझी भागीदारीत एक फायबरची बोट आहे. तिला मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन. बोटीच्या पाठीवर मशीन लटकवायची ही कल्पना धंद्यात रुळवली ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन गृहस्थाने, 1909 साली. सांगतात ते असं, की तळ्यापलीकडून प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेलं, आणि गड्याने मोटर करायचं मनावर घेतलं. बाईंनी भेळ मागितली असती तर माझी सुट्टी वाचली असती.

पावसाळ्यात बोट झावळांखाली आणि मशीन पडवीत. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून मशीनला पाजणारा भाग. त्याच्या वाटीत उरलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि तळाला चिकट पिवळा थर सोडतं. हे पूर्वीही व्हायचं. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि देवबागेतल्या श्रावणात ओलाव्याला काय तोटा! पाणी फार झालं की इथेनॉल पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि त्या पाण्याला घेऊन तळाशी संसार थाटतं. जेट, म्हणजे पेट्रोल मापात सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, ओढतं तेही नेमकं तळातूनच. म्हणजे ऊस घाटावर पिकणार, पैसे साखर कारखान्याला मिळणार आणि गंज चढणार आमच्या वाटीतल्या फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या गोळ्याच्या, पिनेला. कोकणावरच्या अन्यायाचा याहून ठोस पुरावा मला तरी माहीत नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, मशीनची दोरी ओढली, आणि मशीन नुसतं खोकलं. मेस्त्रींनी कार्बोरेटर खोलून हुंगला आणि म्हणाले, "नवीन बघा."

बघायला गेलो. ओरिजिनलची किंमत ऐकून बोटच विकावीशी वाटते. कॉपी मिळते ती दिसायला हुबेहूब, जेटवर भोकाच्या मापाचा आकडाही तोच कोरलेला. भोक मात्र ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे. चुलतभावाने तिसराच शोध लावला. भंगारातून कुठल्याशा मोठ्या मशीनचा कार्बोरेटर उचलून आणला. त्याचं म्हणणं, गळा, म्हणजे हवा आत जायची वाट, मोठा म्हणजे हवा जास्त, हवा जास्त म्हणजे स्पीड जास्त. खरं तर गळा गरजेपेक्षा मोठा झाला की आतली हवा रेंगाळते, तिची ओढ कमी पडते आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं फुटायचं सोडून ठिबकत बसतं. मेस्त्रींनी हे एका वाक्यात उरकलं: "गळो मोठो म्हणान कोण गवई होता काय?"

शेवटी तडजोड झाली. जुनीच बॉडी, आत सुट्या भागांचं ओरिजिनल किट. मेस्त्रींनी बॉडी धुतली, सगळ्या भोकांतून हवा मारली. जुनं जेट मोजमापाला हवं म्हणून तेही साफ केलं. ते त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे केलं तेव्हा भोक मला चष्म्यातूनही दिसेना. चुलतभाऊ तार घेऊन पुढे सरसावला, तर मेस्त्री खेकसले. तारेने पितळ खरवडतं, भोक मोठं होतं, मग आकड्याला काही अर्थ राहत नाही. त्यांनी मासे पकडायच्या नायलॉनच्या तंगुसाचा तुकडा घेतला आणि सुईत दोरा ओवावा तसा अलगद आरपार केला.

मग ट्यूनिंग. मी मॅन्युअल उघडून वाचलं, की हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत बसवावा, मग दीड फेरा बाहेर. "बुकातला मशीन बुकात चलता," मेस्त्री म्हणाले आणि कान लावून बसले. मशीन पाण्याच्या पिंपात बुडवून चालू केलं होतं. धक्क्यावरची मंडळी जमली. "जरा बंद करा." "जरा सोडा." प्रत्येकाला आवाजात वेगळाच दोष ऐकू येत होता. अखेर स्लो, म्हणजे रेस न देता चालणारा ठेका, इतका सुरेख लागला, की मला भरून आलं.

आणि बोट पाण्यात घालून रेस दिली तर मशीन बसलं!

पिंपात पंख्याला ओझं नसतं. पाण्यात बोटीचं इंजिन म्हणजे कायम फोंडाघाट चढणारी एसटी; उतार येतच नाही. त्यात टू-स्ट्रोकची ग्यानबाची मेख वेगळीच. ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं, लिटरला 20 मिली. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जॅम. म्हणून मेस्त्रींचा हट्ट, की सेटिंग भरल्या बोटीतच होणार.

भर आणायची कुठून? दिवाळीला मुंबईचे पाहुणे आले. आम्ही त्यांना लाइफ जॅकेटं चढवली. त्यांना वाटलं, डॉल्फिन बघायला चाललोय. मेस्त्रींनी एकेकाला नजरेनेच तोललं आणि जाडजूड मावसभावाला मागे बसवलं.

कर्लीच्या खाडीत फुल्ल रेस दिली. बोट उचलली, पाहुण्यांनी आरोळ्या ठोकल्या, आणि मेस्त्रींनी खाडीच्या मधोमध खटकन मशीन बंद केलं. जळण कसं होतंय ते ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या रंगावर बघायचं, तर असं भर वेगात बंद करूनच बघावं लागतं. स्लोवर आणलं की प्लग खोटं बोलतो. हे आम्हाला माहीत. पाहुण्यांना कसं माहीत असणार? ओहोटी लागलेली, बोट समुद्राच्या दिशेने वाहायला लागलेली, आणि मेस्त्री शांतपणे पाना फिरवतायत. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी. हा निघाला तपकिरी, सगळीकडे एकसारखा.

मावसभावाने किनाऱ्याकडे बघत आवंढा गिळला. "डॉल्फिन इथेच दिसतात का?"

मेस्त्रींनी प्लग त्याच्या नाकासमोर धरला. "हो रंग बघा. असो रंग वर्सातून एकदा गावता. डॉल्फिन काय, रोज दिसतत."