दंड वाढवून काय होणार?

'दंड दुप्पट करा, अपघात कमी होतील' हा लेखातला मुद्दा पटला नाही. दारू पिऊन गाडी चालवल्यास आजही पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेच. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पण शनिवारी मध्यरात्री गोव्यातल्या कळंगुट-बागाहून निघणाऱ्या किती गाड्या कोणी थांबवतं? हेल्मेट तपासायला मात्र सकाळी दहाला नाक्यावर सगळे हजर!

खरी गोम माणूस मेल्यानंतर आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा (जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोनच होती), पण गुन्हा जामीनपात्र. सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावायचं तर आपल्या हातून जीव जाऊ शकतो याची चालकाला जाणीव होती, हे सिद्ध करावं लागतं. मग रक्ताचा नमुना लगेच घेतला की दुसऱ्या दिवशी, चाकामागे नेमकं कोण होतं, यावर केस तरते किंवा बुडते. बाणस्तारी पुलावरच्या अपघातात २०२३ च्या ऑगस्टमध्ये तिघांचा जीव गेला, तेव्हा गोव्याने हे जवळून पाहिलं. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम १०६(२) तर ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर बाजूला ठेवलं गेलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता आली ती त्याच्याशिवायच.

आणि हो, सोळा वर्षांच्या पोराला स्कूटर देणाऱ्या पालकांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ वाचावं. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड त्यांनाच आहे, पोराला नव्हे.