डावा दिवा

गाडी विकणारा म्हणाला होता, "सगळं ओरिजिनल आहे, बारीकसारीक काम तेवढं निघेल." बारीकसारीक म्हणजे मागच्या डाव्या दिव्याची लाल काच. फुटलेली. मी म्हटलं, काचच तर आहे, आणू.

त्याला आता तीन वर्षं झाली.

"मॉडेल कुठलं?" असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगतो, "1963!" लगेच पुढचा प्रश्न येतो, "आधीचं की नंतरचं?" त्या काळी कारखाने वर्ष संपायची वाट बघत बसत नसत, मध्येच एखादा पार्ट बदलून टाकत. म्हणून चासी नंबर काढून गाडीची जन्मवेळ ठरवायची. एवढी पत्रिका जुळवून पार्सल आलं, ते उजव्या काचेचं. पाठवणारा शांतपणे म्हणाला, "समोरून बघा, डावीच आहे." (गाडीची डावी-उजवी चालकाच्या जागेवरून ठरते, हे त्याला सांगण्यात माझा अर्धा दिवस गेला.) दुसऱ्यानेही उजवीच पाठवली. तिसरी मात्र मी स्वतःहून घेतली. उजवी आहे हे माहीत असून. मिळतेय तर असू दे, म्हटलं. हा रोग असाच वाढतो.

शेवटी म्हटलं, निदान दिवा उतरवून पुसून तरी ठेवू. तिथे आटे आडवे आले. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीचा आटा 55 अंशांच्या कोनाचा, अमेरिकन आणि मेट्रिक 60 अंशांचे. पाव इंची बोल्टला बारीक इंग्रजी आटे इंचाला 26, अमेरिकन बारीक 28. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. नट दोन फेरे गोडीत जातो, मग रुसतो, आणि जोर लावला की बोल्टचे आणि आपले, दोघांचेही आटे जातात. व्हिटवर्थच्या पान्याची तर कमालच. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा, त्यामुळे 1/2 लिहिलेल्या पान्याचा जबडा मोजला तर इंचाला जेमतेम कमी भरतो.

माझ्या दिव्याला चार बोल्ट. एक इंग्रजी, दोन अमेरिकन, आणि चौथा 6 मिलिमीटरचा, 6.35च्या भोकात डुगडुगणारा. आधीच्या मालकांपैकी कुणाच्या खिशात जे सापडलं ते बसवलेलं. दिवा उलटा केला तर मागे नंबर कोरलेला. पडताळून पाहिला. तो दिवा या गाडीचा नव्हताच, भलत्याच मॉडेलचा निघाला. म्हणजे काच मिळाली असती, तरी बसली नसती.

आता अख्खा दिवाच हवा. महिनाभर विचारणा केल्यावर काल एकाचा फोन आला.

"डावा दिवा आहे, अगदी तुमच्या मॉडेलचा. पण गाडीसकट घ्यावा लागेल."

घरात तोवर सगळ्यांची बोलणी थांबली होती. मी हळू आवाजात विचारलं, "तिचा उजवा कसा आहे?"

"काच फुटलीय."

मी कपाटाकडे पाहिलं. तीन होत्या.