खुलासा : ‘पाण्यावर चालणारं’ फवारणी इंजिन

तासगाव-पलूस भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. बरणीत पाणी, चिमूटभर कॉस्टिक सोडा, बॅटरीच्या दोन वायरी; आणि म्हणे त्यातून निघणाऱ्या गॅसवर फवारणीचं इंजिन पेट्रोलशिवाय दिवसभर चालतं.

चालत नाही. गॅस खरा आहे, हायड्रोजनवर इंजिन फिरतं हेही खरं. घोळ हिशेबात आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० युनिट वीज जाते. त्यात ऊर्जा असते ३३ युनिटांच्या आसपास. छोटं इंजिन त्यातला जेमतेम पाव हिस्सा फिरण्यात वापरतं, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे हाती आठेक युनिट, आणि त्यातूनच पुन्हा ५० युनिट काढायचे! असाच दावा करणाऱ्या स्टॅनली मेयरला अमेरिकेतल्या ओहायोच्या न्यायालयाने १९९६ मध्ये फसवणुकीबद्दल दोषी धरून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते.

पैशाचं सोडा, बरणीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच साठतात. इंजिनातून ज्वाला उलटी आली की बरणी फुटणार आणि सोड्याचं पाणी थेट डोळ्यांत. शेतावर सोलर असेल तर ती वीज सरळ मोटारीला द्या की, मध्ये बरणी कशाला?