पुठ्ठ्याचं म्हणून गुण कापले

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून जेवण झाल्या झाल्या बसलोय. मोठं आहे, सवडीनं वाचा.

पुतणीच्या शाळेत आज विज्ञान प्रदर्शन होतं. नववीत आहे ती. तीन आठवडे खपून तिनं उसाच्या रानासाठी एक यंत्र केलं. मातीतली ओल मोजणारा सेन्सर, आर्डुइनो नॅनो नावाचा बोटाएवढा कंट्रोलर बोर्ड, तीन पेन्सिल सेल आणि दोन दिवे. लाल लागला तर पाणी पाजायचं, हिरवा असला तर मोटार बंद. आपल्याकडं उसाला पाणी सोडून माणूस घरी येऊन झोपतो, हे तुम्हाला मी काय सांगणार!

पेटी तिनं पुठ्ठ्याची केली. गुळाच्या रिकाम्या बॉक्सचा थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा, आत सेलला वेगळा कप्पा, झाकणाला जीभ आणि खाच. स्क्रू नाही, गोंद नाही. सेल बदलायचे तर नखानं उघडतं. परीक्षकांनी ती पेटी दोन बोटांत उचलली आणि म्हणाले, "सर्किट चांगलंय, पण हे खोकं कशाला? फिनिशिंग नाही." गुण कापले. पहिला नंबर आला त्याची पेटी पांढऱ्या प्लास्टिकची, बाजारातनं आणलेली. त्या पोरानंही मेहनत घेतली होती, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पोरगी रडली नाही. रिक्षात पेटी मांडीवर धरून गप्प बसली. तेच मला जास्त लागलं.

आमचे आबा बाइंडर होते. गूळ व्यापाऱ्यांच्या खतावण्या, रोजमेळ, शाळांचे दाखल्याचे रजिस्टर, सगळं बांधायचे. १९८६ साली घरातला ट्रान्झिस्टर टेबलावरनं पडला आणि त्याचं प्लास्टिकचं अंग फुटलं. आतलं सगळं ठीक होतं. दुकानदार म्हणाला कॅबिनेट मिळत नाही, नवा घ्या. आबांनी रात्री फूटपट्टी घेतली, मापं काढली, कप्पा बोर्डाचे (बाइंडिंगच्या जाड पुठ्ठ्याचे) दोन थर चिकटवून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवले. वर चोपड्यांना लावायचं लाल कापड. स्पीकरच्या जागी टोच्यानं एकसारखी भोकं पाडली, मी मोजलेली, एकशे दहा. खळीत मोरचूद घालायचे ते झुरळं लागू नयेत म्हणून, पण आतल्या बाजूला मोरचूद नसलेली खळ लावली. का, तर ओल धरली की ते तांब्याच्या तारा खाईल. सातवी शिकलेला माणूस हो!

तो रेडिओ २००७ पर्यंत वाजला. एकवीस वर्षं. सांगली केंद्र लावून आबा कागद दुमडत बसायचे. त्याला कधी कुणी 'खोकं' म्हणालं नाही.

आणि आता बघा. २०१४ साली गूगलनं पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा काढला, नावच 'कार्डबोर्ड' ठेवलं, जगानं डोक्यावर घेतला. २०१७ साली त्यांनीच आवाजावर चालणारं किट काढलं, तेही पुठ्ठ्याच्या डब्यात. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांचा फोल्डस्कोप तर कागदाच्या घड्या घालून केलेला मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दाखवतो. तिथं कुणी फिनिशिंग विचारलं नाही. आमच्या पोरीनं केलं की रद्दी? राग येतो तो याचा.

२०१९ च्या महापुरानंतर आपल्या कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या बाजूला काय पडलं होतं आठवा. मिक्सर, रिमोट, सेट टॉप बॉक्स. गाळ धुतला की वरचं प्लास्टिक लखलखीत, आत सगळं गंजून मेलेलं. ती टरफलं कुठं गेली? कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर. आपण कागदी पिशवी घेऊन भाजीला जातो, २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि दोन-चार वर्षं चालणाऱ्या यंत्राला शंभर वर्षं न कुजणारं अंग देतो.

हो, माहीत आहे मला. कोणीतरी लिहिणारच. मी शिरोलीत कंट्रोल पॅनेलचं काम करतो, २३० व्होल्ट पुठ्ठ्यात घालायचे नाहीत हे मला शिकवू नका. चार्जर, ॲडॉप्टर यांना पुठ्ठा नको. लिथियमचा सेल बिघडून तापला तर धोका आहे, म्हणूनच तिला साधे पेन्सिल सेल घ्यायला लावले. आणि आपल्याकडं जुलैत पापडसुद्धा मऊ पडतात, तिथं पुठ्ठा फुगणार, हेही कबूल. पण त्याला उपाय आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात मारायचे, सुतार पॉलिश करतात तसे. लाख पाणी बरंच अडवते, वर वीजरोधकही आहे. भर पावसात रानात उघड्यावर ठेवायचं तर तेवढ्यावर भागणार नाही. तिथं पुठ्ठा हरला, मान्य.

पत्र्याच्या पेटीत मात्र वायफाय अडतं, मला रोज अँटेना बाहेर काढावी लागते. पुठ्ठ्यातनं सिग्नल आरपार जातो. हे का कुणी सांगत नाही?

आणि पुठ्ठ्याचं काम सोपं नाही. आतल्या नागमोडी कागदाच्या रेघा असतात, त्यांच्या दिशेनं घडी पटकन बसते. आडवी घालायची तर आधी बोथट पट्टीनं दाबून रेघ पाडायची, नाहीतर वरचा कागद फाटतो. पोरीनं सहा पेट्या वाया घालवल्या तेव्हा सातवी बसली. तिच्या सातव्या पेटीची जीभ खाचेत जाताना टक् असा आवाज येतो. आबांच्या रेडिओच्या मागच्या झाकणाचा यायचा तसाच. तो आवाज ऐकायला परीक्षकांनी एकदा तरी झाकण लावून बघायला हवं होतं.

आपल्या गावात डाय (पुठ्ठा कापायचा साचा) बनवणारे आहेत, पंचिंगवाले आहेत, बॉक्स करणारे आहेत, लग्नपत्रिकांची कामं करणारे हात आहेत. प्लास्टिकचा साचा लाखांत जातो, पुठ्ठ्याची डाय काही हजारांत होते. पन्नास नग करायचे तरी परवडतं. इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टच्या पेट्या बाहेरनं मागवतात, आणि गल्लीतला बाइंडर कॉम्प्युटर आल्यापासनं रिकामा बसलाय. या दोघांना कुणी एका टेबलावर बसवलं नाही. मीसुद्धा नाही, इतकी वर्षं.

संध्याकाळी आलो तर पोरगी माळ्यावरनं आबांचा रेडिओ काढून बसली होती. वाजत नाही आता. झाकण उघडून आतल्या कोपऱ्याचा जोड बघत होती. म्हणाली, "काका, आजोबांनी कोपऱ्यात कापडाची पट्टी लावलीय, म्हणून तो सुटला नाही. मी नुसता पुठ्ठा दुमडलाय." राग जरा उतरला माझा.

उद्या रविवार. लाख भिजत घातलीय. कुणाकडं गुळाचे किंवा एलईडी बल्बचे रिकामे बॉक्स असतील तर टाकू नका, मंगळवार पेठेत आणून द्या नाहीतर मी येऊन नेतो. फक्त ओले झालेले नकोत. आणि जुन्या चोपड्यांचं लाल कापड अजून कुठं मिळतं ते ठाऊक असेल तर खाली लिहा.