शोधनिबंधाची नोंद सर्वांसाठी खुली हवी, आणि पूर्णही हवी

शोधनिबंध प्रसिद्ध होतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची एक नोंदही तयार होते. शीर्षक, लेखकांची नावे, त्यांच्या संस्था, प्रकाशनाची तारीख, अर्थसाहाय्य करणाऱ्याचे नाव आणि संपूर्ण संदर्भसूची एवढे सगळे त्या नोंदीत असते, निदान असायला हवे. यालाच आपण मेटाडेटा म्हणतो. निबंध वाचण्यासाठी पैसे आकारावेत की नाही यावर मतभेद होऊ शकतात. ही नोंद मात्र कोणालाही विनामूल्य आणि विनाअट मिळालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कोणत्या संशोधनाचा आधार पुढे कोणी घेतला, हे जाणून घेण्यासाठी वर्षानुवर्षे मुख्यतः ‘वेब ऑफ सायन्स’ किंवा ‘स्कोपस’ या सशुल्क सूचिकोशांची वर्गणी भरावी लागे. डीओआय म्हणजे प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमस्वरूपी ओळख क्रमांक. या क्रमांकांची नोंदणी करणारी ‘क्रॉसरेफ’ ही ना-नफा संस्था २००० साली स्थापन झाली आणि प्रकाशक तिच्याकडे संदर्भसूच्या जमाही करू लागले, पण त्या सूच्या बहुतांशी बंदच राहिल्या. २०१७ साली खुल्या संदर्भांची मोहीम सुरू झाली, २०२१ मध्ये एल्सेव्हियरसारखा बडा प्रकाशक तीत आला आणि जून २०२२ पासून क्रॉसरेफकडे जमा होणारी प्रत्येक संदर्भसूची खुली झाली. याच नोंदींच्या मोठ्या आधारावर २०२२ मध्ये ‘ओपनअ‍ॅलेक्स’ हा मुक्त सूचिकोश उभा राहिला. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने तर २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणीच बंद केली.

खुलेपणाचा विचार आपण बहुधा खर्चाच्या अंगाने करतो, पण मला त्याची संरक्षक बाजू अधिक मोलाची वाटते. वायली या आंतरराष्ट्रीय प्रकाशन समूहातील हिंदवी या प्रकाशनाला २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. निबंध मागे घेतला, तरी आधीच कोणाच्या तरी संगणकावर उतरवलेली त्याची पीडीएफ प्रत जशीच्या तशी राहते आणि तिच्यावर तसा शिक्का उमटत नाही. एखादी विद्यार्थिनी ती निर्धास्तपणे वाचते, तिचा संदर्भ प्रबंधात देते आणि एक चूक पुढच्या पिढीच्या कामात मिसळते. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रॉसरेफने मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’चा माहितीसंच विकत घेऊन सर्वांसाठी खुला केला. हाच संच वापरून ‘झोटेरो’सारखे मोफत संदर्भ-सॉफ्टवेअर तुमच्या संग्रहातील मागे घेतलेल्या निबंधावर ठळक लाल इशारा दाखवते. ही माहिती सशुल्क भिंतीआड राहिली असती, तर हा इशारा तालुक्याच्या महाविद्यालयातील त्या विद्यार्थिनीपर्यंत पोहोचलाच नसता.

नावांचा प्रश्न तर खास आपला आहे. महाराष्ट्रात लग्नानंतर अनेक स्त्रियांचे केवळ आडनावच नव्हे, तर मधले नावही बदलते, कारण वडिलांच्या जागी पतीचे नाव येते. साहजिकच लग्नापूर्वीच्या आणि नंतरच्या निबंधांवरची आद्याक्षरेही वेगळी होतात, आणि एकाच बाईंचे काम दोन वेगळ्या व्यक्तींच्या नावावर नोंदले जाते. उलट, ‘एस. पाटील’ या एका नावाखाली किती जणांचे काम एकत्र होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. २०१२ पासून उपलब्ध असलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक संशोधकाला विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी तो बदलत नाही. संपादकांनी तो प्रत्येक लेखकाकडून मागून घ्यावा आणि नोंदीत आवर्जून भरावा.

दुर्दैवाने आपल्याकडे डीओआय हा मुखपृष्ठावर मिरवण्याचा मान समजला जातो. पुष्कळ नोंदींत शीर्षक आणि लेखकाचे नाव यांपलीकडे काही नसते, संस्थेची जागा रिकामी असते आणि संदर्भसूची जमाच केलेली नसते. मराठी निबंधाचे शीर्षक केवळ इंग्रजीत देण्याचेही काही कारण नाही, कारण क्रॉसरेफच्या रचनेत मूळ भाषेतील शीर्षकासाठी स्वतंत्र जागा आहे आणि देवनागरी तिला चालते. देशातील संस्थांना संशोधन नियतकालिके वाचायला मिळावीत म्हणून आखलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्र सरकारने तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर केले. जगाचे संशोधन वाचण्यासाठी हा खर्च योग्यच आहे, पण आपले संशोधन जगाला सापडावे यासाठी त्याचा अल्पसा अंश तरी वेगळा काढायला हवा होता.

डीओआय मिळाला म्हणजे निबंध सुरक्षित झाला, ही समजूतही सोडून द्यायला हवी. बर्कबेक विद्यापीठाचे मार्टिन ईव्ह यांनी २०२४ मध्ये डीओआय असलेल्या सुमारे ७४ लाख प्रकाशनांची तपासणी प्रसिद्ध केली, आणि त्यांपैकी वीस लाखांहून अधिक प्रकाशने एकाही प्रमुख डिजिटल संग्रहात जतन केलेली आढळली नाहीत. संकेतस्थळाचे नूतनीकरण राहून गेले की अशा निबंधाची केवळ नोंद उरते. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे नियतकालिक चालवण्याचे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी ते तयार करणाऱ्या पीकेपी या प्रकल्पाचे जतन-जाळे विनामूल्य उपलब्ध आहे, फक्त संपादकाने त्यात सहभागी व्हायला हवे.

नियतकालिक चालवणाऱ्या छोट्या मंडळाला क्रॉसरेफचे दोन-तीनशे डॉलरचे वार्षिक शुल्क आणि तांत्रिक काम झेपत नाही, हे खरे आहे. त्यासाठीच तिथे प्रायोजक संस्थेची सोय आहे: एका मोठ्या संस्थेने जबाबदारी घ्यायची आणि तिच्यामार्फत अनेक छोट्या प्रकाशकांनी नोंदणी करायची. आपल्या विद्यापीठांपैकी एकाने ही भूमिका स्वीकारावी आणि इतिहास, भाषा, लोकसाहित्य या विषयांवरच्या मराठी नियतकालिकांच्या जुन्या अंकांपासून सुरुवात करावी, कारण जुन्या अंकांच्या नोंदणीचे दर चालू अंकांपेक्षा कितीतरी कमी आहेत.