48 फायली आणि साडीच्या दुकानाची पिशवी

मागच्या दिवाळीत कॅनडाहून ठाण्याला आले होते तेव्हा आम्ही शाळेतले सात-आठ जण तलावपाळीला भेटलो आणि गप्पा फिरत फिरत डॉक्टरांच्या पेपरवर, म्हणजे संशोधनाच्या लेखांवर आल्या. आमच्यातली एक नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. ती वैतागून म्हणाली, अगं दिवसाला ओपीडीत शंभर-सव्वाशे पेशंट बघायचे आणि वर बढतीसाठी पेपर पाहिजेत, मग लोक पैसे भरून कुठेतरी छापून आणतात, ना ते कोणी वाचतं ना त्याने कोणी बरं होतं. दुसरा म्हणाला, संशोधन करू दे की तुमच्या कॅनडावाल्यांना, आम्हाला आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टर द्या, बेड द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण बोलायला लागले असते तर रडू आलं असतं. म्हणून आता लिहितेय.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा, म्हणजे ताईचा. कळव्याला राहतात. त्याच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो आले त्यात फ्लॅशमुळे एक डोळा लाल आणि एक पांढरा, रात्री मांजरीचा चमकतो ना तसा. आम्ही सगळ्यांनी खाली 'कित्ती गोड' लिहिलं, मी पण लिहिलं. थोडा तिरळा बघायचा तर एका डॉक्टरांनी सांगितलं मोठा होईल तसं जाईल. शेवटी पकडलं ते मावशीने. बुवा-कुक खेळताना तिच्या लक्षात आलं की डावा डोळा झाकला की पोर चिडतं, हात ढकलून देतं, आणि उजवा झाकला तर त्याला काही फरकच पडत नाही. तेव्हा तो 21 महिन्यांचा होता. रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर. साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका मुलाला होतो. जीव वाचला पण उजवा डोळा काढावा लागला.

आणि ताईला तेव्हा पाचवा महिना. घरात सगळ्यांच्या मनात एकच, तोंडाने कोणी बोलत नव्हतं, की दुसऱ्यालाही झालं तर? कारण हा आजार काही घरांत आईबापाकडून येतो, आणि तसं असेल तर होणाऱ्या बाळाला जन्मल्यापासून काही वर्षं पुन्हा पुन्हा भूल देऊन डोळे तपासत राहायचं. डॉक्टरांनी काढलेल्या डोळ्यातल्या गाठीची आणि मुलाच्या रक्ताची जीनची, म्हणजे जनुकाची तपासणी करून घेतली. गाठीत जो बिघाड होता तो रक्तात नव्हता, म्हणजे तो फक्त त्या डोळ्यात घडलेला, घराण्यातून आलेला नाही. ताईला मुलगी झाली, आता तीन वर्षांची आहे, एकदाही भूल द्यावी लागली नाही.

ही तपासणी आली कुठून हे मी शोधत बसले, आणि मला भांडायचंय ते इथेच.

1971 मधे ह्यूस्टनला आल्फ्रेड नडसन नावाच्या डॉक्टरांनी एक पेपर लिहिला. त्यात पेशंट किती? 48. हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी काढल्या, कोणाला एका डोळ्यात, कोणाला दोन्ही, कितव्या महिन्यात कळलं, घरात आधी कोणाला होतं का, आणि गणित मांडलं. दोन्ही डोळ्यांत होणाऱ्या मुलांना लवकर होतो, कारण त्यांच्यात एक बिघाड जन्मतःच असतो आणि अजून एकच पुरतो, बाकीच्या बहुतेकांच्या एकाच पेशीत दोन्ही बिघाड नव्याने घडावे लागतात. तो जीन तेव्हा कोणी पाहिलेलाही नव्हता! फक्त वयं आणि तारखा नीट लिहून ठेवल्या होत्या म्हणून हे सुचलं.

मग टोरंटो. मी ऑफिसला जाताना युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरच्या सिककिड्स हॉस्पिटलवरून जाते, तिथे ब्रेंडा गॅली या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आख्खं करिअर या एका आजाराला दिलं. मुलांना तपासणाऱ्या त्याच आणि लॅबमधे त्याच मुलांच्या गाठी बघणाऱ्याही त्याच. 1983 मधे त्यांच्या ग्रुपने दाखवलं की गाठीत 13 नंबरच्या क्रोमोसोमवरचं (जीन ज्यावर असतात तो पेशीतला धागा) काहीतरी बंद पडलेलं असतं. त्या पेपरवर थॅडियस ड्रायजा या संशोधकांचंही नाव आहे, आणि 1986 मधे तो जीन, आरबी1, हाती लागला त्या अमेरिकेतल्या टीममधेही ड्रायजा होते. कॅन्सरला आवर घालणारा हातात आलेला हा पहिला जीन. पुढे 2013 मधे गॅलींसकट बऱ्याच देशांतल्या लोकांनी मिळून एका डोळ्याच्या हजारावर गाठी तपासल्या आणि 15 गाठी अशा सापडल्या की आरबी1 ठणठणीत आहे आणि एमवायसीएन नावाचा दुसराच जीन वाढून बसलाय, तेही अगदी काही महिन्यांच्या बाळांत. हजारात पंधरा! पण ती पंधरा बाळं ओळखता आली ती आधीच्या गाठी आणि कागद जपून ठेवले म्हणून.

कळव्याच्या मुलीची भूल वाचली ती या सगळ्यामुळे. पेपरने पेशंट बरा होत नाही म्हणता, मला हे मान्य नाही.

मैत्रिणीचं एक शंभर टक्के पटतं, पैसे भरून छापलेला पेपर हा कचरा आहे आणि त्याने डॉक्टरचा आणि पेशंटचा दोघांचा वेळ जातो. आणि कॅनडा म्हणजे स्वर्ग असंही मी म्हणणार नाही. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं आम्हाला फॅमिली डॉक्टर मिळाला नाही, माझ्या मुलीच्या डोळ्यांसाठी स्पेशालिस्टची तारीख चार महिन्यांनी आली, तोवर मी रोज रात्री मोबाईलचा फ्लॅश मारून तिचे फोटो काढत होते. नौपाड्यात तिला त्याच संध्याकाळी दाखवलं असतं, चपला बाहेर काढून, अर्ध्या तासात. ही आपली ताकद आहे, ती इथल्या लोकांना सांगून खरी वाटत नाही.

पण दाखवल्यानंतर काय? 153 देशांत 2017 मधे सापडलेल्या या आजाराच्या 4351 मुलांचा अभ्यास झालाय, त्यात गरीब देशांत निदानाचं मधलं वय 30.5 महिने, श्रीमंत देशांत 14.1. आणि आजार डोळ्याबाहेर पसरलेली मुलं गरीब देशांत 49.1 टक्के, श्रीमंत देशांत 1.5. हा आकडा वाचून मी लॅपटॉप बंद करून ठेवला होता. जगात या आजाराची सगळ्यात जास्त मुलं भारतात आहेत. म्हणजे नडसनना 48 फायलींत जे दिसलं तसं काही दिसायचं असेल तर ते आपल्याकडे आधी दिसायला हवं, आणि ज्यांनी बघायचं त्यांच्या हातात मुलाची फाइल नसते.

मी डॉक्टर नाही, हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या सॉफ्टवेअरमधे 11 वर्षं काम करते, म्हणून मला हे जास्त लागतं. आपल्याला हे जमत नाही असं तर मुळीच नाही, देशातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंदवही, मुंबईत सुरू झाली, 1963 मधे. ठाण्याहून पनवेल गाडी पकडली की खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक आहे, कॅन्सरवरचं संशोधन तिथे रोज चालतं. तलावपाळीला एक जण म्हणाला तशी ती जागाही बेडसाठी घ्या, हे मला अजिबात पटत नाही, बेड हवेतच, पण ते यातून काढून नकोत. माझं म्हणणं एवढंच, बढतीला पेपर मोजण्याऐवजी त्या डॉक्टरने किती पेशंट पाच वर्षं धरून ठेवले, किती जणांच्या घरी फोन गेला, हे मोजा. आणि ते फोन करायला, नोंद ठेवायला ओपीडीत एक पगारी माणूस द्या, माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर तेही टाकू नका. पेपर त्यातून आपोआप येतील, थोडे येतील, वाचण्यासारखे येतील.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी कळव्याला गेले. ताईने कपाटातून राम मारुती रोडवरच्या एका साडीच्या दुकानाची पिशवी काढली, त्यात सगळं. एमआरआयच्या फिल्म, केस पेपर, जीनचा रिपोर्ट चार घड्या घालून, नकली डोळ्याचं बिल. आम्ही दोघी जमिनीवर बसून तारखेप्रमाणे कागद लावत होतो, मी मोबाईलवर एकेकाचा फोटो काढत होते आणि बाजूला तो पाच वर्षांचा पोरगा फिल्म खिडकीकडे धरून 'मावशी, यात मी कुठाय' विचारत होता. सगळं लागलं. फक्त तो पहिला कागद, तिरळेपणा जाईल म्हणून लिहिलेला, ज्यावर पहिल्यांदा दाखवल्याची तारीख होती, तो कुठेच मिळाला नाही. ताई म्हणाली त्या डॉक्टरांकडे असेल. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, आम्ही ठेवत नाही, पेशंटलाच देतो.