मातीचं भांडं म्हणजे नक्की कोणतं?

पंधरवड्यात तोच मजकूर मला तिघांनी पाठवला. मातीच्या भांड्यात अन्नाचं 100 टक्के पोषण टिकतं, पितळेच्या भांड्यात 93, प्रेशर कुकरमध्ये फक्त 13. माठाचं पाणी आपोआप शुद्ध होतं. आणि माठ, टेराकोटा, चिनी माती ही एकाच वस्तूची नावं. ग्वाल्हेरात, आमच्या लष्कर नावाच्या भागात, माठ अजून घरोघरी आहेत, म्हणून राहवत नाही.

आधी आकडे. 100 टक्के कशाचे? क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं, भांडं कुठलंही असो. लोह, कॅल्शियम शिजवल्यानं नाहीसं होतच नाही. गेलंच तर ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातं. शिवाय कुकरमध्ये डाळ आचेवर कमी वेळ राहते. मग 87 टक्के गेलं कुठे?

खरी गफलत शब्दाची आहे. टेराकोटा हा इटालियन शब्द, अर्थ ‘भाजलेली माती’. आपलं मडकं, पणती, संक्रांतीचं सुगड त्यातलंच: साधारण 800 ते 1100 अंशांवर भाजलेलं आणि सच्छिद्र राहिलेलं. चिनी मातीचा कप केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीचा. त्याला 1200च्या वर आच लागते, माती काचेसारखी आवळते, पाणी झिरपत नाही. लोणच्याची बरणीही अशीच कडक भाजलेली आणि वर झिलई दिलेली असते. सुगडात लोणचं घाला, तेल बाहेर पाझरेल.

ते पाझरणं हाच माठाचा गुण. वैशाखात लू, म्हणजे कोरडा गरम वारा, सुटला की माठाचं ओलं अंग वाळतं आणि वाळताना पाण्यातली उष्णता घेऊन जातं. 10 लिटरमधलं 100 मिलिलिटर उडालं, आणि बाहेरची ऊब आत शिरली नाही असं धरलं, तर पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरतं. श्रावणात हवा दमट, तोच माठ ढिम्म. आमच्या माठावर उन्हाळाभरात पांढरी, खरखरीत साय चढते. ते पाण्यातले क्षार. छिद्रं बुजली की गारवा संपला. ऑइलपेंट मारलेल्या माठाचं तर पहिल्याच दिवशी तसं होतं.

शुद्ध होण्याचं म्हणाल तर माठ जंतू मारत नाही. पाणी उकळून, निववून मगच भरावं.

आणि त्या मजकुरासोबतच्या फोटोतली हंडी चकाकते आहे, म्हणजे झिलईची. कमी आचेच्या झिलईत शिसं असू शकतं. चिंच, आमसूल ते अन्नात उतरवतात. आमटीसाठी हंडी घ्यायची तर बिनझिलईची घ्या.